मुंबईत वाजलेलं लेड झेपलिन



नावाजलेल्या बँडमधले वादक एकत्र येऊन नवा बँड काढतात, तेव्हा रॉकच्या दुनियेत त्याला ‘सुपरग्रुप’ म्हणतात. १९६६ मध्ये लंडनला गिटारवादक जेफ बेक आणि जिमी पेज, बासवादक जॉन पॉल जोन्स आणि ‘द हू’ या बँडचा ड्रमर कीथ मून एका ध्वनिमुद्रणासाठी जमले. असाच एक सुपरग्रुप काढण्याची बोलणी झाली आणि तो शिशाच्या फुग्यासारखा धाडकन आपटेल, अशी थट्टाही झाली. बेत बारगळला, पण थट्टा पेजच्या लक्षात राहिली. १९६८ मध्ये जोन्स, गायक रॉबर्ट प्लँट आणि ड्रमर जॉन बोनम यांना घेऊन त्यानं बँड उभा केला आणि त्या थट्टेवरूनच नाव ठेवलं लेड झेपलिन, म्हणजे शिशाचं हवाई जहाज.

पेजला भारतीय संगीताची ओढ होती, त्याच्याकडे सतारही होती. ऑक्टोबर १९७२ मध्ये जपानचा दौरा आटोपून तो आणि प्लँट मुंबईत आले. कुलाब्यातल्या ‘स्लिप डिस्क’ या क्लबात ते इथल्या पोरांबरोबर वाजवूनही गेले. पण खरं काम स्टुडिओत झालं. बासरीवादक विजय राघव राव यांच्या मदतीनं मुंबईचे वादक जमवून त्यांनी आपलीच दोन गाणी नव्यानं मुद्रित केली: तिसऱ्या अल्बममधलं ‘फ्रेंड्स’ आणि चौथ्यातलं ‘फोर स्टिक्स’.

‘फोर स्टिक्स’ मुळातच अवघड. त्यात कधी पाच मात्रांचे तुकडे, कधी सहांचे. मूळ मुद्रणात बोनमनं दोन्ही हातांत दोन-दोन काठ्या धरून ड्रम वाजवले, त्यावरूनच गाण्याचं हे नाव. असमान विभागांचे ताल आपल्या वादकांना नवे नव्हते. झपताल दहाचा, रूपक सातचा. पण ताल समेकडे बघत वाजवणं वेगळं आणि पाश्चात्त्य पद्धतीनं मोजत वाजवणं वेगळं. त्या मोजणीची इथे सवय नव्हती आणि त्यामुळे अडचण आली, असं पेजनं पुढे सांगितलं. मला विचाराल तर ही अडचण दोन्ही बाजूंची होती. रॉकवाले आपल्या सुरांवर लुब्ध झाले होते, हिशेब मात्र त्यांना स्वतःचाच हवा होता.

ही मुद्रणं तेव्हा बाजारात आलीच नाहीत. चोरट्या प्रतींतून रसिकांमध्ये हातोहात फिरत राहिली. २०१५ मध्ये बँडच्या ‘कोडा’ या अल्बमच्या वाढीव आवृत्तीत ती अखेर अधिकृतपणे आली. तिथे ‘फोर स्टिक्स’चं ‘फोर हँड्स’ झालं आणि सोबत सगळ्या वादकांचं मिळून एकच नाव छापलं गेलं, ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’.

१९७२च्या त्या काळी आपल्या चित्रपटगीतांच्या तबकड्यांवरही साथीदारांची नावं सहसा नसत. तेव्हा श्रोतेहो, एक विनंती. आपल्या घरातल्या एखाद्या आजोबांनी मुंबईच्या स्टुडिओंत व्हायोलिन, सारंगी किंवा तबला वाजवला असेल, तर कुठे, कोणाबरोबर, कोणत्या साली, हे त्यांच्याकडून आजच लिहून घ्या.