उतारावरील मोटार

नागपूर हे सपाटीवरचे शहर आहे. सेमिनरी हिल्सची चढण किंवा रामटेकच्या गडावर जाणारा रस्ता सोडला, तर येथे मोटार चालवावयास शिकणाऱ्या मनुष्याची खऱ्या उताराशी क्वचितच गाठ पडते. त्याचा पाय वेग वाढविण्यास सरावतो; ब्रेक त्याला थांबण्यापुरताच आठवतो. हाच मनुष्य उन्हाळ्याच्या सुटीत सहकुटुंब चिखलदऱ्यास किंवा पचमढीस जातो. जाताना इंजिनाचा आवाज चढतो, मोटार तापते आणि सर्वांचे लक्ष त्या चढणीकडे लागून राहते. परतीच्या वाटेवर मात्र ‘आता काय, उतारच आहे’ असे म्हणून सारे निर्धास्त होतात. वास्तविक सावध राहावयाचे ते परतीच्या वाटेवर. चढणीवर चूक झाली तर बहुधा मोटार बंद पडते. उतारावर चूक झाली तर ती थांबत नाही.

हे असे का होते, ते एका साध्या हिशेबावरून ध्यानात येईल. चिखलदऱ्याहून परतवाड्याच्या सपाटीवर येताना मोटार सुमारे ७०० मीटर खाली उतरते. माणसे व सामान धरून तिचे वजन दोन हजार किलो मानले, तर एवढी उंची उतरताना जी शक्ती मोकळी होते, तिने सुमारे ४५ लिटर थंड पाणी उकळण्याच्या बिंदूपर्यंत तापविता येईल. ही शक्ती नाहीशी होत नाही. तिचा काही भाग वाऱ्याच्या विरोधात व टायरांच्या घर्षणात खर्च होतो. उरलेली शक्ती एक तर मोटारीचा वेग वाढविते किंवा कोठे तरी उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. चालक सारा वेळ ब्रेकवर पाय ठेवून उतरला, तर ती सगळी उष्णता चाकांजवळच्या चार लहानशा तबकड्यांत साठू लागते. तबकड्या फार तापल्या की ब्रेकच्या गादीची पकड कमी होते. उष्णता आणखी वाढली तर ब्रेकचे तेल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पाय थेट तळाशी जातो आणि चाकावर जोर पोहोचतच नाही. ‘ब्रेक निकामी झाले’ असे ज्यास लोक म्हणतात, त्यातील पुष्कळ अपघातांत ब्रेक आधीचे उत्तम असतात. त्यांच्याकडून सारा भार वाहून घेतल्यामुळे ते थकलेले असतात.

मग हा भार वाहावा कोणी? उत्तर जुन्या बैलगाडीत सापडते. चढणीवर बैल गाडी ओढतात आणि उतारावर तेच बैल मागे रेटून ती धरून ठेवतात. मोटारीचे इंजिनही असेच दोन्ही कामे करते. खालचा गिअर घालून प्रवेगकावरील पाय काढला, की चाके इंजिनाला फिरवू लागतात आणि इंजिन त्या फिरण्यास विरोध करते. गिअर जितका खालचा, तितका हा विरोध मोठा. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागतो, साधारण त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम याच तत्त्वावर आधारलेला आहे.

पेट्रोल किंवा डिझेल वाचते या समजुतीने पुष्कळ चालक उतारावर मोटार न्यूट्रलमध्ये टाकतात, काही तर इंजिनच बंद करतात. हे म्हणजे घाटाच्या तोंडाशी बैल सोडून गाडी खाली लोटण्यासारखे आहे. इंजिन बंद होताच ब्रेकला मिळणारे यांत्रिक साह्य काही दाबांनंतर संपते आणि सुकाणू जड होते. पुण्याजवळ नवले पुलाच्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी एका मालमोटारीमुळे चाळीसांहून अधिक वाहनांची हानी झाली. चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे त्यानंतर पोलिसांनी सांगितले. विशेष हे, की ज्या बचतीसाठी हा धोका पत्करला जातो, ती बचत आजच्या मोटारीत खरी नसते. आजचे इंजिन गिअरमध्ये राहून उतारावर फिरत असता त्याचे इंधन आपोआप तोडले जाते. उलट न्यूट्रलमध्ये ते फिरते ठेवण्यासाठी थोडे इंधन जाळावेच लागते.

डांबरी घाटात इंजिनाचा हा आधार बहुधा पुरतो. परंतु मेळघाटातील एखाद्या नाल्यात सरळ उतरणारी कच्ची वाट घेतली, तर प्रश्न निराळा होतो. तीस अंशांच्या उतारावर मोटारीच्या वजनाच्या निम्मा जोर तिला खाली ओढीत असतो. शिवाय मोटारीचा भार पुढच्या चाकांवर जाऊन मागची चाके हलकी होतात. एक चाक खडकावर, दुसरे सुट्या मुरमावर आणि तिसरे ओल्या काळ्या मातीत, अशी स्थिती असते. अशा वेळी चालकाने घाबरून ब्रेक दाबला की हलके चाक तत्काळ अडकते. अडकलेले चाक घसरते, आणि घसरणाऱ्या चाकाला दिशा राहत नाही. पुढची चाके अडकली तर सुकाणू फिरविले तरी मोटार वळत नाही; मागची अडकली तर ती आडवी होऊ पाहते, आणि आडवी झालेली मोटार उतारावर उलटण्यास वेळ लागत नाही. चालकापाशी ब्रेकची पट्टी एकच असते. कोणत्या चाकास किती जोर द्यावा, हे त्या एका पट्टीने कितीही कुशल पायास ठरविता येत नाही.

हीच अडचण दूर करण्यासाठी ‘हिल डिसेंट कंट्रोल’, म्हणजे उतारनियंत्रण, ही योजना निघाली. तिचा पाया त्यापूर्वीच घातला गेला होता. चाक अडकू न देणारी विजाणूनियंत्रित ब्रेकयोजना, जी एबीएस या नावाने ओळखली जाते, ती जर्मनीतील बॉश कंपनीने १९७८ साली मर्सिडीजच्या मोटारीत आणली. पुढे १९९७ साली इंग्लंडच्या लँड रोव्हर कंपनीने ‘फ्रीलँडर’ ही मोटार काढली. रानवाटांवर चालणाऱ्या मोटारींना नेहमीच्या गिअरांखेरीज एक जास्तीची, चाकांची गती आणखी मंद करणारी गिअरपेटी असते. फ्रीलँडरमध्ये ती नव्हती. त्यामुळे इंजिनाचा आवर अपुरा पडला असता. ती उणीव भरून काढण्यासाठी ब्रेककडूनच उतारावर गती धरून ठेवण्याचे काम करून घेण्यात आले. आपल्याकडे नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या महिंद्र थारच्या २०२० च्या पिढीतही काही प्रकारांत ही सोय आली.

हिचे कार्य समजण्यास कठीण नाही. प्रत्येक चाकापाशी त्याची गती मोजणारे एक लहान उपकरण असते. चारही चाकांच्या गतीची वार्ता क्षणोक्षणी एका नियंत्रक यंत्राकडे जाते. चालकाने कळ दाबून माणसाच्या चालीसारखा मंद वेग ठरवून दिला, की हे यंत्र खरा वेग व ठरविलेला वेग ताडून पाहत राहते. मोटार जास्त धावू लागताच विजेवर चालणारा एक पंप ब्रेकच्या तेलाचा दाब वाढवितो. चालकाचा पाय पट्टीवर नसला तरी ब्रेक लागतो आणि मागचा तांबडा दिवाही लागतो. एखादे चाक इतरांहून एकाएकी मंद झाले, म्हणजे ते अडकण्याच्या बेतात आहे, असे यंत्र ओळखते. त्याच चाकाकडील झडप उघडून तेवढ्यापुरता दाब कमी करते आणि ज्या चाकांना चांगली पकड आहे त्यांच्याकडून अधिक काम घेते. हे सर्व एका सेकंदात अनेक वेळा घडते. त्या वेळी मोटारीच्या खालून घरघर व टकटक असा आवाज येतो. तो बिघाडाचा नव्हे, कामाचा आवाज होय. चालकाने पाय आवरून केवळ सुकाणूवर लक्ष ठेवावे, एवढीच या योजनेची त्याच्याकडून अपेक्षा असते.

तथापि या योजनेच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. जमिनीतच जी पकड नाही, ती कोणतेही यंत्र निर्माण करू शकत नाही. चारही चाके ओल्या शेवाळावर असतील, तर दाब कोठे वाढवावा आणि कोठे कमी करावा, हे यंत्रालाही उमगणार नाही. सुट्या मुरमावर तर अडकलेल्या चाकापुढे मातीचा ढीग साचून त्यानेच मोटार कधी कधी लवकर थांबते. फिरते राहणारे चाक तेथे थोडे पुढे जाऊन थांबते. दुसरे असे, की हे काम शेवटी ब्रेकच करीत असतात. लांब उतारावर ते फार तापले की योजना सूचना देऊन स्वतःहून बाजूस होते. आणि तिसरे, ही योजना मंद वेगाच्या अवघड उतारांसाठी आहे. चिखलदऱ्याच्या किंवा पचमढीच्या डांबरी घाटात, रहदारीच्या वेगाने उतरताना, तिची कळ दाबून निश्चिंत होता येत नाही. तेथे खालचा गिअर हाच आधार. आपोआप गिअर बदलणाऱ्या मोटारीतही खालचा गिअर हाताने धरून ठेवण्याची सोय बहुधा असते. घाटात ती वापरली पाहिजे.

नागपूरहून मुंबईस रेल्वेने जाणारा प्रवासी इगतपुरीनंतर कसारा घाट उतरतो. १८६५ साली खुल्या झालेल्या या घाटात लोहमार्गाचा चढ ३७ फुटांस एक फूट इतका तीव्र आहे. आवर सुटलेल्या गाडीसाठी तेथे मुख्य मार्गापासून फुटून चढावर जाणारे आडमार्ग बांधलेले आहेत. परंतु रेल्वेची खरी भिस्त या आडमार्गांवर नसून, उताराच्या आरंभीच ब्रेकची परीक्षा घेण्यावर आणि वेग पहिल्यापासून बांधून ठेवण्यावर राहिली. वाढलेला वेग कमी करण्यापेक्षा तो वाढू न देणे सोपे असते. रेल्वेने हे दीडशे वर्षांपूर्वी नियमात घातले, आणि उतारनियंत्रणाची नवी कळही याहून निराळे काही करीत नाही.

कुटुंबासह घाट उतरणाऱ्याने एवढे पाळावे. उतार सुरू होण्यापूर्वी, माथ्यावरच, वेग कमी करून खालचा गिअर घालावा. ब्रेक सतत घासत ठेवू नये. वेग वाढू लागताच तो ठामपणे दाबावा, वेग उतरताच सोडावा आणि तबकड्यांना निवावयास अवधी द्यावा. न्यूट्रलचा मोह धरू नये. मोटारीतील इतर मंडळींनीही डोळे मिटून बसण्यापेक्षा नाक जागे ठेवावे. जळल्यासारखा वास आला किंवा पट्टी मऊ लागते असे चालक म्हणाला, तर रस्ता रुंद असेल तेथे मोटार बाजूस घ्यावी, गिअरमध्येच उभी करावी, चाकांना दगड लावावेत आणि अर्धा तास थांबावे. तापलेल्या तबकड्यांवर पाणी ओतू नये. त्या वाकण्याचे भय असते. घरी पोहोचण्यास अर्धा तास उशीर झाला, तरी ज्यांच्यासाठी सुटीचा हा प्रवास केला ती माणसे सुखरूप घरी येतात.