पाळी बदलली, म्हणून घाबरू नका
(निफाड तालुक्यातील जोडप्यांच्या मेळाव्यात आरोग्य शिक्षिकेने केलेले भाषण)



द्राक्षांच्या छाटणीची घाई असूनही तुम्ही जोडीनं आलात, त्याबद्दल आभार. विषय संकोचाचा आहे. पण तो घरात बोलला गेला नाही, की नुकसान होतं.

मला भेटलेल्या एका ताईची गोष्ट सांगते. पहिलं बाळ दोन महिन्यांचं असताना तिनं पाळणा लांबवण्यासाठी ‘अंतरा’ इंजेक्शन घेतलं. दुसऱ्या इंजेक्शननंतर पाळी येईना. सासूबाई म्हणाल्या, “रक्त पोटात साठतंय, गाठ होईल.” घरधनीही घाबरले. तिसरं इंजेक्शन घेतलं नाही, दुसरा उपायही केला नाही. बाळ सव्वा वर्षाचं होतं न होतं, तोच पुन्हा दिवस गेले. ताईचं अंग अजून भरलं नव्हतं. सासूबाईंची माया खरी होती, माहिती मात्र चुकीची होती.

मग रक्त जातं कुठं? दर महिन्याला गर्भपिशवीत बाळासाठी मऊ अंथरूण तयार होतं. गर्भ राहिला नाही, की ते गळून बाहेर पडतं, तीच पाळी. इंजेक्शनमुळे हे अंथरूण फार पातळ राहतं. जे तयारच झालं नाही, ते साठणार कसं? अंगावर पाजताना कित्येक महिने पाळी येत नाही. तेव्हा कुठं गाठ होते?

‘अंतरा’ २०१७ साली सरकारी योजनेत आलं. ते दर ३ महिन्यांनी घ्यायचं. सुरुवातीला अधूनमधून डाग पडतात, पाळी मागंपुढं होते; पुढं पुष्कळ जणींची थांबते. इंजेक्शन सोडल्यावर पुन्हा दिवस जायला साधारण ७ ते १० महिने लागतात. पण काहींना पाळी सुरू होण्याआधीच दिवस राहतात, हे विसरू नका.

आता ‘माला-एन’ गोळी. पाकिटात २८ गोळ्या असतात : २१ संप्रेरकाच्या, ७ लोहाच्या. लोहाच्या गोळ्या चालू असताना पाळी येते. ती बहुधा कमी जाते, पोटातही कमी दुखतं. पहिले २-३ महिने मध्येच डाग पडले, तरी गोळी सोडू नका. पाकीट संपलं, की दुसऱ्याच दिवशी नवं सुरू करा. गोळी चुकली असेल आणि पाळीही आली नाही, तर लघवीची तपासणी करून घ्या. बाळ ६ महिन्यांचं होईपर्यंत अंगावर पाजणाऱ्या बाईनं ही गोळी घेऊ नये. रक्तदाब असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावं.

घाबरायचं नाही, पण अंगावरही काढायचं नाही. नेहमीच्या दुप्पट रक्त गेलं, ८ दिवसांवर थांबलं नाही, किंवा छातीत, पोटरीत वा डोक्यात जोराची कळ आली, नजर अंधुक झाली, तर लगेच दवाखाना गाठा.

घरधन्यांनो, पाळी बदलली म्हणून बायकोवर संशय घेऊ नका; तिच्याबरोबर उपकेंद्रात या. आणि बहिणींनो, उपाय सोसत नसेल, तर तो बंद करण्याचा तुम्हांला पूर्ण हक्क आहे. जबरदस्ती कुणाचीच नाही. फक्त बंद करण्याआधी नर्सबाईंना किंवा आशाताईंना सांगा, म्हणजे दुसरा उपाय वेळेवर मिळेल.

शेजारणीला विचारा, सासूबाईंनाही विचारा. पण शेवटचा निर्णय दवाखान्यात विचारून, दोघांनी मिळून घ्या.