वाटणीला आलेला ढोल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यकारिणीने मला आज्ञा केली की, एखाद्या कर्तबगार स्त्रीविषयी चार शब्द बोला. या व्यासपीठावरून आपण सावित्रीबाईंविषयी, पंडिता रमाबाईंविषयी, आनंदीबाई जोशांविषयी अनेकदा ऐकले, आणि ते ऐकलेच पाहिजे. पण आज मी जिच्याविषयी बोलणार आहे तिने शाळा काढली नाही की तुरुंगवास भोगला नाही. तिने जन्मभर ढोल वाजवले. हसू नका! त्या ढोलांवर तिने आपले पोट भरले, नाव कमावले आणि 107 वर्षांचे आयुष्य मजेत काढले. तिचे नाव व्हायोला स्मिथ.

ती जाझ संगीतातली ढोलवादक. जाझ म्हटले की आपल्या कपाळाला आठी पडते. पण आपण सगळ्यांनी ते नकळत ऐकलेले आहे. 1951 सालचा 'अलबेला' चित्रपट आठवतो ना? आपल्या सी. रामचंद्रांनी त्याला संगीत दिले. गोव्याचे कितीतरी ख्रिस्ती वादक मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवीत आणि दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला जात. त्यांच्या हातांनी हे संगीत आपल्या घरात आले. अमेरिकेतल्या निग्रो म्हणून हिणवल्या गेलेल्या काळ्या लोकांनी ते जन्माला घातले. आपला गवई जशी जागच्या जागी तान घेतो, तसा तिथला वादकही ऐनवेळी सुचेल ते वाजवतो. आणि या सगळ्यांना तालात बांधून ठेवतो तो ढोलवाला. त्याच्यापुढे एकच ढोल नसतो. पायाने वाजवायचा एक मोठा ढोल, समोर ताशासारखा कडकडणारा एक लहान, बाजूला आणखी दोन-तीन, आणि वर टांगलेल्या झांजा. दोन हात आणि दोन पाय, चौघांचे काम वेगळे. आपल्या स्वयंपाकघरातल्या सकाळसारखेच म्हणा ना!

व्हायोलाचा जन्म 29 नोव्हेंबर 1912 चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या माउंट कॅल्व्हरी या लहानशा गावातला. मूळ आडनाव श्मिट्झ. घरात आठ मुली आणि दोन मुलगे. आपल्याकडे आठ मुली म्हटल्या की बापाच्या डोळ्यांपुढे आठ लग्ने उभी राहतात. या बापाच्या डोळ्यांपुढे वाद्यवृंद उभा राहिला! आईबापांचा नाचगाण्याच्या दिवाणखान्याचा धंदा होता, त्यामुळे संगीत घरातच होते. त्याने सगळ्या मुलींना आधी पियानो शिकवला आणि मग एकेकीच्या हाती एकेक वाद्य दिले. मोठ्या बहिणींनी आपापली वाद्ये घेतली, आणि व्हायोलाची पाळी आली तेव्हा ढोल उरला होता. मोठ्या बहिणींचे उतरलेले परकर आपल्यापैकी कितीजणींनी वापरले असतील. तसाच हा प्रकार. पण ते उरलेले वाद्य तिने असे काही आपले म्हटले की, पुढे कोणाला ते तिच्यापासून वेगळे करता आले नाही.

'श्मिट्झ भगिनींचा वाद्यवृंद' असे पथकाचे नाव. पुढे त्याचे 'स्मिथ भगिनी' झाले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत अमेरिकेत नाट्यगृहांतून गाणी, नकला, कसरती असे मिश्र कार्यक्रम होत, चित्रपटगृहांतही होत. त्यांत या बहिणी वाजवीत. काही बहिणी अजून शाळेत, म्हणून दौरे शनिवार-रविवारी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत. म्हणजे व्हायोलाचे शिक्षण आधी घरात झाले आणि मग प्रवासात, रंगमंचावर झाले.

बहिणींची लग्ने होत गेली तसे पथक विरळ झाले. 1938 मध्ये व्हायोला आणि तिची बहीण मिल्ड्रेड यांनी 'कोकेट्स' नावाचे नवे, सगळ्या स्त्रियांचेच पथक उभे केले. ते चार वर्षे चालले. 1942 मध्ये मिल्ड्रेडचेही लग्न झाले आणि तेही पथक संपले. भगिनींनो, आपल्या मंडळातही हे घडते. उत्तम नाटक बसत आलेले असते, आणि नायिकेचे लग्न ठरते!

व्हायोला मात्र तीस वर्षांची होत आली असताना ढोल घेऊन न्यूयॉर्कला गेली. तिथल्या ज्यूलियार्ड या नामांकित संगीत विद्यालयात तिने पुन्हा विद्यार्थिनी होऊन शिक्षण घेतले. हे मला फार महत्त्वाचे वाटते. पंधरा-वीस वर्षे रंगमंच गाजवलेली बाई पुन्हा 'मला शिकवा' म्हणते, त्याला मोठेपणा लागतो.

त्याच 1942 साली तिने 'डाउनबीट' या संगीताच्या मासिकात एक लेख लिहिला. महायुद्ध चालू होते. मोठमोठ्या वाद्यवृंदांतले पुरुष सैन्यात जात होते आणि त्यांच्या जागी मिळेल तो भरला जात होता. व्हायोलाने सरळ विचारले की, सुमार पुरुष घेण्यापेक्षा तयारीच्या स्त्रिया का घेत नाही? त्यावर वाद माजला. बायकांना दमसास नसतो, दौरे झेपत नाहीत, ही उत्तरे तिथेही तयारच होती! त्या दिवसांत लहानपणापासून दौरे केलेल्या बाईला हे ऐकावे लागले.

पुढे फिल स्पिटॅल्नी यांच्या स्त्रियांच्या वाद्यवृंदात ती 1954 पर्यंत होती. 'अवर ऑफ चार्म' हा त्यांचा रेडिओवरचा कार्यक्रम अमेरिकाभर ऐकला जाई. दोन मोठे ढोल तिने दोन्ही बाजूंना खांद्याच्या उंचीवर लावून घेतले होते; हात उंच टाकून ते वाजवायचे ही तिची खूण झाली. 1949 मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांच्या पदग्रहणाच्या समारंभात तिने वाजवले. पुढे सतरा ढोल घेऊन एकटीने कार्यक्रम केले. 1966 मध्ये न्यूयॉर्कला 'कॅबरे' हे संगीत नाटक आले. त्यात रंगमंचावरच बायकांचे वाद्यपथक होते, त्यातही ढोल हिचेच. म्हातारपणी ती कॅलिफोर्नियात गोधड्या शिवणाऱ्या लोकांच्या एका समूहात राहिली आणि 21 ऑक्टोबर 2020 रोजी तिथे वारली.

आता थोडे घरचे बोलते. व्हायोलाची हकिकत मी वाचली त्या रात्री मला झोप आली नाही.

माझी धाकटी मुलगी आठ-नऊ वर्षांची असताना पाटावर, डब्यावर, जे मिळेल त्यावर ठेका धरायची. आमच्या चाळीत एक गुरुजी मुलांना तबला शिकवीत. तिने 'मलाही जायचे' म्हणून हट्ट धरला. मी म्हटले, "पेटी शीक. मुलीच्या जातीला तबला शोभत नाही." तिच्या वडिलांची काही हरकत नव्हती, सासूबाईही काही बोलल्या नाहीत. नाही म्हटले ते मीच. ती दोन वर्षे पेटी शिकली आणि सोडून दिली. आज ती संसारात सुखी आहे. पण भाजी शिजत असताना तिची बोटे अजून ओट्यावर वाजत असतात, आणि ती पाहून माझ्या पोटात कालवते. मुंबईतच आबान मिस्त्री या पारशी बाईंनी तबल्याच्या स्वतंत्र मैफली केल्या, तबला-पखवाजाच्या घराण्यांवर ग्रंथ लिहिला. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर मी ऐकले असते का? खरे सांगायचे तर, कोण जाणे!

म्हणून आज केवळ भाषण करून मी खाली बसणार नाही. आपले गुरुवारचे भजन तबलजी आला तरच रंगते. त्यांना दुसरीकडे बोलावणे आले की आपण नुसत्या टाळांवर भागवतो. साठ बायकांच्या मंडळात ठेका धरणारे एकही बोट नाही, हे मला पटत नाही. ओट्यांवर वाजणारी बोटे आपल्या घराघरांत आहेत. मी तबला-डग्ग्याची एक जोडी मंडळाला देते. शिकवणाऱ्याची सोय कार्यकारिणीने पाहावी. वयाची अट ठेवू नये, कारण पहिले नाव मी माझ्या मुलीचे देणार आहे. ती आता बेचाळीस वर्षांची आहे. तिला मी काल विचारले. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "आई, आता?" मी म्हटले, "हो, आता."

 दुसरे नाव कोण देते, याची वाट पाहते.