सुरतेचा उन्हाळा आणि आपलं नाटक
(मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



'सुरतेतला उन्हाळी नाट्यहंगाम' असा विषय आम्हाला दिला आहे. विषय देणाऱ्यांच्या आशावादाला आधी दाद देतो. मे महिन्यात या शहरात मराठी नाटक शोधायला निघालात, तर नाटकाच्या आधी वलसाडी हापूसची पेटी हाती लागेल.

असं का होतं? मुंबई-पुण्याला मे म्हणजे सुट्टीचा, म्हणजे गल्ल्याचा महिना. शनिवार-रविवारी तिथे दोन-दोन, तीन-तीन प्रयोग लागतात. ते सोडून ट्रकभर नेपथ्य घेऊन अडीचशेच्या वर किलोमीटर इकडे कोण येणार? आलंच कुणी, तर एका प्रयोगात येण्याजाण्याचा खर्च निघायला हवा, आणि तिकिटाचा दर ऐकून आपण म्हणतो, "टीव्हीवर लागेलच की!" गुजराती नाटकवाल्यांनी यावर तोड काढली. तिथे सोशल ग्रुप अख्खा प्रयोगच विकत घेतात, सभासद वर्षाची वर्गणी भरतात, नाटक ठरायच्या आधी खुर्च्या भरलेल्या असतात. या पद्धतीमुळे नाटकं जरा फार गोड होतात, हेही खरं. पण प्रयोग होतात.

आम्ही गुजराती नाटकं आवडीने पाहतो आणि आपल्या लोकांनीही पाहावीत, असं म्हणतो. ती परकी नाहीत. गुजराती रंगभूमीची महाराणी म्हणाव्यात अशा सरिता जोशी मूळच्या भोसले, मराठी घरातल्या. शॉच्या एकाच नाटकातून इकडे 'संतू रंगीली' झाली आणि तिकडे पु. लं.ची 'ती फुलराणी'. इकडे सरिताबेन, तिकडे भक्ती बर्वे. 'ऑल द बेस्ट' मराठीतून गुजरातीत गेलं, 'कोडमंत्र' गुजरातीतून मराठीत आलं. २०२० साली सरिताबेनना पद्मश्री मिळाली, त्याच यादीत आपल्या सुरतेचे यझदी करंजिया होते. पारसी समाज शहरात किती उरला आहे, ते आपण पाहतोच. तरी त्यांचं नाटक म्हटलं की घरची माणसं रंगमंचावर आणि बाकीचं गाव समोर. आपण तर लाखांनी आहोत. मग आपलं नाटक कुठे आहे?

आता दुसरं कारण, आणि आमच्या मते खरं कारण. मे महिन्यात आपला प्रेक्षक सुरतेत नसतो. तो ताप्ती लाइनच्या गाडीत असतो. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली इथला माणूस आखाजीला, लग्नसराईला, गावच्या जत्रेला नंदुरबार, अमळनेर, धरणगावकडे निघतो. कारखान्यांतले माग कारागिरांवाचून थांबतात. आणि गावी जाऊन हा माणूस काय करतो? जत्रेत तमाशा बघतो, रात्रभर. वगातला राजा चुकला तर त्याला खालून सांगतो. उन्हाळी नाट्यहंगाम म्हणतात तो हाच, फक्त तो पाहायला आपली माणसं सुरत सोडून जातात.

मग अकरा महिने हाच माणूस आपल्या नाटकाला का येत नाही? त्याला नाटकाची गोडी नाही, असं नानपुरा-अडाजणच्या बैठकीत सर्रास म्हटलं जातं. आम्हाला ते मान्य नाही. आपण प्रयोग लावतो शहराच्या दुसऱ्या टोकाला, पालच्या संजीवकुमार सभागृहात, रात्री. बारा तासांच्या पाळीवरून सुटलेल्या माणसाने तिथवर यायचं कसं आणि परतायचं कसं? आलाच, तर रंगमंचावर पुण्यातला दिवाणखाना आणि त्यात सोफ्यावर बसून दुःखी झालेलं जोडपं. आणि नाटकात अहिराणी बोलणारं पात्र असलंच तर तो गडी किंवा हवालदार, हशा घ्यायला आणलेला. आपली भाषा आपल्याच समोर हास्यास्पद होताना पाहायला पैसे कोण देईल?

हौशी मंडळींच्या प्रयोगांबद्दल स्पष्ट बोला, असं कार्यकर्त्यांनी सांगितलं होतं, म्हणून बोलतो. पाठांतर चांगलं असतं, कपडे उत्तम असतात. पण निवड वीस-तीस वर्षांपूर्वीच्या मुंबईतल्या यशाची असते आणि अभिनय मूळ नटाच्या चित्रफितीवरून उचललेला असतो. गणपतीतल्या एकांकिकेत हे खपतं, कारण समोर मावशी-काका असतात. या शहरात जरीकाम आहे, हिरे आहेत, माग आहेत, पुराची आठवण आहे. २००६ चा पूर ज्यांनी गच्चीवर बसून काढला, ते इथेच समोर बसले आहेत. त्यावर मराठीत नाटक लिहिलं जात नाही आणि आपण संहिता दादरहून मागवतो.

मुलांच्या शिबिरात मात्र आम्हाला काही वेगळं दिसलं. सुधा करमरकरांनी १९५९ साली 'लिटल थिएटर' आणि रत्नाकर मतकरींनी १९६२ साली 'बालनाट्य' सुरू केलं, तेव्हापासून उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे बालनाट्य हे मराठी घरात ठरून गेलं आहे. इथेही शिबिर होतं. मराठी घरातली बरीच मुलं संवाद गुजराती लिपीत उतरवून घेतात! देवनागरी अडखळत वाचतात, बोलतात मात्र झकास. काही पालकांना याची लाज वाटते. आम्हाला वाटत नाही. संवाद तोंडात बसला की कागद कोणत्या लिपीत होता, हे प्रेक्षकाला कुठे कळतं? महापालिकेच्या मराठी शाळेतली एक मुलगी तिथे राक्षसीण झाली होती आणि रागावली की अहिराणीत घसरत होती. शिकवणाऱ्या ताईंनी तिला दुरुस्त केलं नाही. त्या शिबिरातला सर्वांत जिवंत अभिनय तोच होता.

म्हणून मंडळापुढे एक मागणी ठेवतो. पुढच्या वर्षी एक प्रयोग उधन्याला करा. रविवारी, दुपारी चारला, पगार झाल्यानंतरचा रविवार बघून. आखाजीच्या आधी, म्हणजे गाड्या भरायच्या आत. वातानुकूलित सभागृह मिळालं नाही तर शाळेचं पटांगण चालेल, मग वेळ संध्याकाळची धरा. संहिता इथल्याच कुणीतरी लिहावी, आणि पहिलं वाचन लिंबायतमध्ये व्हावं, तिथली माणसं मध्येच थांबवून "असं नसतं हो" म्हणतील अशा ठिकाणी. खर्चाचं म्हणाल तर मुंबईहून एक नाटक आणायला जेवढं देणगीदारांकडे मागतो, त्याच्या निम्म्यात हे बसेल.

कार्याध्यक्ष मान हलवताहेत. ती होकाराची आहे की उकाड्याची, ते त्यांनाच विचारा.