पानात शिरलेले औषध जाते कुठे?



कडवंचीसारख्या आपल्या जालना जिल्ह्यातील द्राक्षगावांत ऑक्टोबर छाटणीनंतर एकच धास्ती असते, ती केवड्याची. परतीचा पाऊस आला, पाने ओली राहिली, की हा रोग पानावरून घडावर उतरतो अन् वर्षाची कमाई जाते. मग पुष्कळांचा प्रश्न असतो, "आंतरप्रवाही औषध मारलं, तरी नव्या पानावर केवडा आला कसा?"

याचे उत्तर शास्त्रज्ञांनी चित्रातच पाहिले आहे. औषधात किरणोत्सारी कार्बन घालून त्याचा थेंब पानावर ठेवतात. पुढे ते पान अंधारात फोटोच्या फिल्मवर दाबून ठेवतात. औषध जिथवर गेले तिथवर फिल्म काळी पडते. मॅन्कोझेबसारखे स्पर्शजन्य औषध पडले तिथेच राहते. मेटॅलॅक्झिलसारखे आंतरप्रवाही औषध पानात शिरते आणि पाण्याच्या वाटेने शेंड्याकडे, कडांकडे सरकते. पण फवारलेल्या पानातून मागे फिरून ते नव्या फुटीत फारसे जात नाही.

तेरड्याचे रोप लाल शाईच्या पाण्यात ठेवून पाहा. लाली मुळाकडून वर चढते, पानाच्या शिरांत दिसते. बहुतेक आंतरप्रवाही औषधांची वाट हीच, एकेरी. फोसेटिल ॲल्युमिनियम मात्र वर आणि खाली, दोन्हीकडे जाते.

यावरून काय करायचे?

१. केवड्याची बुरशी पानाच्या खालच्या बाजूच्या रंध्रांतून शिरते. म्हणून पानाची खालची बाजू भिजलीच पाहिजे. पाण्याच्या थेंबाने निळा होणारा पिवळा कागद मिळतो. तो पानाखाली टाचून फवारा. कागद पिवळाच राहिला तर नोझल अन् पंपाचा दाब तपासा.

२. जोराची फूट चालू असताना मागच्या फवारणीवर विसंबू नका. नवी पाने उघडी असतात.

३. एकच आंतरप्रवाही औषध पुन्हा पुन्हा मारू नका. बुरशी त्याला दाद देईनाशी होते. गट बदला, स्पर्शजन्य औषधाची जोड द्या.

४. मात्रा आणि काढणीपूर्वीचे दिवस लेबलाप्रमाणेच पाळा. जास्त मात्रेने औषधाची वाट बदलत नाही, खर्च मात्र वाढतो.

शंका असल्यास रोगट पान घेऊन खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.