जुना वस्तरा धारेवर आणताना



मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा घरातल्याच एखाद्या पेटीच्या तळाशी गंजलेला वस्तरा सापडला की माणूस आधी तो चकचकीत करायला धावतो. आजचं माझं सारं बोलणं ही घाई थांबवण्यासाठी आहे.

आधी वस्तरा नीट पाहा. पातं जिथे मुठीकडे निमुळतं होतं, तिथे खूण ठोकलेली असते. बहुतेकदा इंग्लंडमधलं शेफील्ड, नाहीतर जर्मनीतलं झोलिंगेन. शेफील्डला १७४०च्या दशकात बेंजामिन हंट्समननं मातीच्या मुशीत पोलाद वितळवायची रीत बसवली आणि त्या गावाचं पोलाद जगभर गेलं. आयात मालावर देशाचं नाव हवं, असा कायदा अमेरिकेनं १८९०मध्ये केला. त्यामुळे नुसतं ‘शेफील्ड’ लिहिलेला, ‘इंग्लंड’ नसलेला वस्तरा त्याआधीचा असण्याचा संभव असतो. खात्री मात्र नव्हे.

मग भिंग घ्या. पात्याला चीर असेल तर तो वस्तरा दाढीसाठी संपला, त्याला उपाय नाही. गंजाचे खड्डे अगदी धारेपाशी असतील तरीही नाद सोडावा, कारण दगडावर घासताना तिथेच कडा तुटत राहते. तांबडा गंज तेल लावून बारीक पॉलिश पेपरनं हलकेच काढा. काळसर डाग राहू द्या. ते पात्याचं वय आहे, दोष नव्हे.

यंत्राच्या चाकाला मात्र वस्तरा दाखवू नका. हे पोलाद कडक करून पुन्हा साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून मुरवलेलं असतं. चाकावर पातळ कडा क्षणात त्याच्या वर तापते, निळी झाक येते आणि तेवढा भाग मऊ पडतो. शंभर वर्षं टिकलेली धार अशी काही सेकंदांत जाते, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

वस्तऱ्याची खरी करामत त्याच्या पाठीत आहे. सुरीला धार लावताना कोन आपल्या हातानं सांभाळावा लागतो. वस्तऱ्याचा कोन, साधारण सोळा-सतरा अंशांचा, कारागिरानं पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांतच बांधून दिलेला असतो. आपण फक्त पाठ आणि धार एकाच वेळी दगडावर टेकवायची आणि धार पुढे ठेवून पातं सरकवायचं. दोन्ही बरोबरीनं झिजतात, म्हणून कोन टिकतो. चमक आणण्याच्या नादात पाठ वेडीवाकडी घासली, तर तो हिशेबच मोडतो.

दगड आधी सपाट असावा. हजार नंबरच्या दगडावर धारेची उतरण टोकापासून मुळापर्यंत सलग करावी. सगळं यश इथेच ठरतं. मग चार हजार, आठ हजार, जमल्यास बारा हजार. बेल्जियमच्या आर्देन भागातला पिवळसर दगडही पिढ्यान् पिढ्या नावाजलेला आहे. त्यात गार्नेटचे सूक्ष्म कण असतात. हातावर जोर मुळीच नको, पात्याचं वजन पुरतं. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर, आता पाठ पुढे आणि धार मागे. पातं उलटवताना ते पाठीवरच फिरवावं, नाहीतर पट्टाही कापला जातो आणि धारही वळते.

एक आरोग्याची गोष्ट. रक्तातून पसरणाऱ्या रोगांमुळे आपल्याकडचे केशकर्तनकार आता दर गिऱ्हाइकाला नवं पातं बसवतात, ते योग्यच आहे. जुना वस्तरा एकाच माणसानं वापरावा.

आणि मूठ सेल्युलॉइडची असेल तर सावध राहा. ते कुजू लागलं की आम्लाची वाफ सुटते आणि शेजारचं पातं गंजतं. असा वस्तरा बंद डबीत ठेवू नका. मूठ बदलून घ्या, पातं कोरडं पुसा आणि तेलाचा हलका हात देऊन ठेवा.