स्वर्णरेखेच्या पाण्याचा हिशेब
(मंडळाच्या माधवगंज येथील सभेतील भाषण)



मागच्या सभेत विषय निघाला होता तो पावसाळ्यात गल्लीत उलटणाऱ्या सीवरचा. त्याचा अर्ज लिहायला बसलो तेव्हा आमच्या लक्षात आले की नुसती गल्ली लिहून भागत नाही. गल्लीचे पाणी नाल्यात, नाल्याचे स्वर्णरेखेत. आणि नदीच तुडुंब असेल तर ते माघारी आपल्याच अंगणात. म्हणून आज नदीविषयी बोलतो.

आपल्यातले पुष्कळजण अजूनही तिला 'नाला' म्हणतात. १८५८ च्या जूनमध्ये झाशीच्या राणीचा घोडा अडला तो याच प्रवाहाशी, असे आपण मुलांना सांगतो आणि फूलबागेत समाधीवर फुले वाहून नाकाला रुमाल लावून परत येतो. वरच्या अंगाला हनुमान बांध, वीरपूर, मामा का बांध हे तलाव आहेत. पावसाचे पाणी तिथे थांबायचे, मुरायचे, मग हळूहळू शहरात उतरायचे. लष्करच्या विहिरींना पाणी असायचे त्यात या थांबण्या-मुरण्याचा वाटा होता. पुढे बांधांच्या पाणलोटात वस्ती चढली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात नदीचे पात्र तळासकट सिमेंट काँक्रीटने बांधून काढले. नावा चालवू, असेही तेव्हा ऐकले होते. आता तारागंजच्या पुलावर उभे राहून पाहा काय वाहते ते! काँक्रीटच्या तळातून पाणी जमिनीत मुरत नाही, आणि गुळगुळीत पात्रातून पूर मात्र वेगाने खाली धावतो. म्हणजे मार्चमध्ये बोरिंग कोरडे आणि ऑगस्टमध्ये घरात पाणी, असा दुहेरी तोटा. त्याच पात्रातून आता एलिव्हेटेड रस्त्याचे खांब उभे राहत आहेत. रस्त्याला आमचा विरोध नाही, ट्रॅफिकमध्ये आम्हीही अडकतो. पण खांब उभे केल्यावर पुराला जागा किती उरली, हा आकडा नागरिकांना कोणी दिला आहे का?

पाऊस पूर्वीसारखा राहिलेला नाही. ऑगस्ट २०२१ च्या पहिल्या आठवड्यात शिवपुरी, श्योपूर, दतिया भागात काही दिवसांत इतका पाऊस कोसळला की सिंध नदीवरचे रतनगढचे आणि सेवढ्याचे पूल वाहून गेले. तो पाऊस पन्नास कोस इकडे सरकला असता तर? हवामान बदलते आहे. झड लागून पडणारा पाऊस आता एकदम ओततो, आणि मग ओढ देतो.

धरण आहे की, असे कोणी म्हणेल. तिघऱ्याचा इतिहास जरूर वाचावा. सांक नदीवरचे हे धरण माधवराव महाराजांच्या काळातले. १९१७ च्या ऑगस्टमध्ये पाणी धरणाच्या माथ्यावरून गेले आणि भिंतीचे मोठे खंड जागेवरून सरकून वाहून गेले. संस्थानाने ते पुन्हा बांधले. सर विश्वेश्वरय्यांनी पुण्याच्या खडकवासल्यावर १९०३ साली बसवलेले स्वयंचलित दरवाजे तिघऱ्यालाही बसले. पाणी ठरल्या पातळीवर चढले की दरवाजे आपोआप उघडावेत आणि उतरले की मिटावेत, अशी ती युक्ती. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी चूक झाली, ती मान्य झाली आणि दुरुस्तही झाली.

खडकवासल्याचे नाव आलेच आहे तर पुण्याचेही सांगतो, कारण आपल्यातल्या अर्ध्या घरांच्या सुना-लेकी तिकडे आहेत. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर वडीलधाऱ्यांना आठवत असेल. पुढे महाराष्ट्रात नदीकाठी निळी रेषा आणि लाल रेषा आखण्याची पद्धत आली. पंचवीस वर्षांत एकदा येणारा पूर निळ्या रेषेपर्यंत, शंभर वर्षांतला लाल रेषेपर्यंत. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको. रेषा आखूनही लोक आत बांधतातच. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले तेव्हा आपल्या कितीतरी नातलगांचे सामान गेले. तरी तिथे निदान नकाशा दाखवून भांडता येते. आपल्याकडे रेषा कुठे आहे, हे विचारायला आम्ही एका कार्यालयात तीनदा गेलो. पहिल्यांदा साहेब नव्हते, दुसऱ्यांदा फाइल नव्हती, तिसऱ्यांदा 'हा विभाग आमचा नाही' असे उत्तर मिळाले.

निगमची निवडणूक २०२२ मध्ये झाली, म्हणजे पुढची फार लांब नाही. हळदीकुंकवाला आणि गणपतीच्या आरतीला सगळ्याच पक्षांचे उमेदवार येतील, त्यांचे स्वागत करू. पेढा देताना प्रश्नही विचारू : स्वर्णरेखेची पूररेषा कधी आखणार? सीवर नदीतून वेगळे कधी करणार? काँक्रीटचा तळ जिथे फोडता येईल तिथे फोडून पाणी मुरू देणार का? हनुमान बांधाच्या पाणलोटातले नवे प्लॉट कोणाच्या परवानगीने पडतात? नदीबद्दलची जनहित याचिका उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठापुढे गेली, तिथे अधिकाऱ्यांना बोलणीही बसली. पण पार्षदाला जाब न्यायालय विचारणार नाही, तो मतदारालाच विचारावा लागतो.

एक आपल्या घरचेही. आपल्या जुन्या वाड्यांतल्या कितीतरी विहिरी आपणच मलबा टाकून बुजवल्या आहेत. ज्यांच्या विहिरी अजून शाबूत आहेत त्यांनी गच्चीचे पाणी गाळून त्यात सोडावे; नळ जोडायला मंडळाचे तरुण येतील.

माहितीच्या अधिकाराखालचा अर्ज मागच्या टेबलावर ठेवला आहे. त्यात पूररेषेचा नकाशा आणि खांबांमुळे पात्रात उरलेली रुंदी, एवढेच मागितले आहे. चहाला जाण्याआधी सह्या कराव्यात, पत्ता पूर्ण लिहावा.